रुळाला लावलेला कान

सातपूरच्या कारखान्यांत जुने फिटर बेअरिंग तपासायला एक सोपी युक्ती वापरतात. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू मशीनच्या बेअरिंगवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. बेअरिंग ठणठणीत असेल तर एकसारखी घरघर ऐकू येते. आत एखादी गोळी खराब झाली असेल तर त्या घरघरीत मध्येच कर्र होतं, भाकरीत खडा लागावा तसं. माझ्या बाबांनी हे तीस वर्षं केलं. मी लहान असताना ते घरच्या मिक्सरलाही स्क्रू ड्रायव्हर लावून बघायचे, आणि आई वैतागायची.

मी इंजिनिअरिंग केलं आणि सॉफ्टवेअरमध्ये आलो. पण फिरून फिरून काम तेच मिळालं. आम्ही मशीनवर कंपनं मोजणारे सेन्सर बसवतो, आणि त्यांच्या डेटावरून कुठलं मशीन बिघडण्याच्या वाटेवर आहे ते सांगणारं सॉफ्टवेअर मी लिहितो. थोडक्यात, बाबांचा स्क्रू ड्रायव्हर.

दोनेक वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमची सिस्टिम बसवली. डेटात रोज सकाळी सातच्या सुमारास चार-पाच टोकदार ठोके दिसायचे. मशीनच्या फिरण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता, आणि त्यांच्यामुळे उगाच अलार्म वाजायचे. मी एक फिल्टर लिहिला आणि ते ठोके गाळून टाकले. ग्राफ छान गुळगुळीत झाला. तीन आठवड्यांनी त्याच मशीनचं बेअरिंग बसलं, लाइन थांबली आणि आमच्या सिस्टिमने चकार शब्द काढला नव्हता. नंतर मी कच्चा डेटा उघडून बघितला. ते ठोके तिथल्या म्हाताऱ्या फिटरचे होते. शिफ्ट सुरू होताना तो पान्याने हाउसिंगवर ठोकून आवाज ऐकायचा. शेवटच्या आठवड्यात चार-पाचचे पंधरा-वीस ठोके झाले होते. त्याला शंका आली होती, म्हणून तो पुन्हा पुन्हा ठोकत होता. त्याची शंका माझ्या डेटात स्वच्छ नोंदलेली होती, आणि मी ती कचरा म्हणून काढून टाकली होती.

बाबांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "अरे, माणूस उगाच ठोकत नाही."

त्या प्रकरणानंतर मला एक नाद लागला. धातूला कान लावून त्याची तब्येत ओळखण्याचा उद्योग सगळ्यात मोठ्या प्रमाणावर कोणी केला असेल, तर तो रेल्वेने. दीडशेहून जास्त वर्षं, हजारो किलोमीटर रुळांवर. सातपूरमधून रेल्वे जात नाही. आमच्यासाठी रेल्वे म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाचं नाशिकरोड स्टेशन. पण या इतिहासाचे बरेच धागे आमच्याच जिल्ह्यातून जातात, आणि त्यातला एक धागा काचेचा आहे.

चाबीवाला

१६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ३४ किलोमीटर. मुंबईहून सलग रुळांवरून इगतपुरीला पोहोचायला मात्र आणखी १२ वर्षं गेली, कारण मध्ये सह्याद्री उभा होता. थळ घाट, ज्याला आज आपण कसारा घाट म्हणतो, १ जानेवारी १८६५ला रेल्वेसाठी खुला झाला. चढ असा की ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर चढते. कसाऱ्याला गाडीच्या मागे जोडली जाणारी जादा इंजिनं तुम्ही पाहिली असतील, ती याच चढासाठी.

घाटातला पाऊस, दरडी आणि नवं बांधकाम यांची सांगड काय करते, हे लवकरच दिसलं. तिकडे बोरघाटात १८६७च्या पावसाळ्यात म्हौ-की-मल्ली नावाचा दगडी रेल्वेपूल कोसळला. तो मार्ग सुरू होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती. रूळ टाकले म्हणजे काम संपलं असं नसतं. ते रोज कुणीतरी बघावे लागतात.

बघायचे म्हणजे चालायचं. रेल्वेमार्गाचे तुकडे पाडले गेले, प्रत्येक तुकड्याला एक गँग, गँगवर एक मुकादम. आणि त्या गँगमध्ये एक माणूस असा, ज्याचं काम रोज आपला तुकडा पायी तुडवणं. त्याला इंग्रजीत कीमन म्हणतात आणि आपल्याकडे चाबीवाला. हे नाव आलं जुन्या इंग्लिश पद्धतीच्या रुळांवरून. त्यात रूळ लोखंडी खुर्चीत बसवून लाकडी पाचरीने घट्ट करायचे, आणि त्या पाचरीला 'की' म्हणायचे. लाकूड उन्हात सुकलं की आकसायचं आणि पाचर ढिली व्हायची. चाबीवाल्याने चालत जायचं आणि हातोड्याने ती पुन्हा ठोकून बसवायची. लाकडी पाचरी गेल्या, सिमेंटचे स्लीपर आणि स्प्रिंगसारख्या क्लिपा आल्या, तरी नाव आणि चालणं तसंच राहिलं. हातोडाही तसाच राहिला, कारण घट्ट बसलेल्या लोखंडाचा आणि ढिल्या लोखंडाचा आवाज वेगळा असतो. सातपूरच्या फिटरला हे वेगळं सांगावं लागणार नाही.

रूळ तुटलेला दिसला तर काय करायचं, याचा नियम रेल्वेच्या पुस्तकात आहे आणि तो वाचताना अंगावर काटा येतो. जवळ लाल झेंडा किंवा दिवा लावायचा आणि गाडी ज्या बाजूने येणार त्या बाजूला पळत सुटायचं. ६०० मीटरवर रुळावर एक फटाका लावायचा. तसंच पुढे जाऊन १,२०० मीटरवर आणखी तीन फटाके, एकमेकांपासून १० मीटर अंतराने. हे दिवाळीचे फटाके नव्हेत. चपट्या डबीसारखी ही वस्तू रुळाला बांधतात, चाक वरून गेलं की ती मोठ्याने फुटते आणि ड्रायव्हर ब्रेक मारतो. इंग्लंडमधल्या एडवर्ड काउपर नावाच्या इंजिनिअरने १८४१मध्ये ती शोधली, धुक्यात सिग्नल दिसत नसे म्हणून. आजही गस्तीवाल्याच्या पिशवीत ती असते.

सव्वा किलोमीटर, खडीवरून, अंधारात, समोरून गाडी येत असताना. तुटलेला रूळ शोधायची ही आपली पहिली यंत्रणा. नंतर जे जे आलं, ते या माणसाच्या जागी नाही तर त्याच्या जोडीला आलं, हे लक्षात ठेवून पुढे वाचा.

रूळ का तुटतो

रुळांच्या जोडात फट असायची, म्हणून गाडी 'खडक्-खट्ट' वाजायची. आता तो आवाज जवळजवळ गेला. कारखान्यातून येणारे लांब रूळ जागेवर एकमेकांना वितळवून जोडतात आणि किलोमीटरच्या किलोमीटर अखंड रूळ तयार करतात. प्रवास मऊ झाला, पण एक नवी अडचण आली. पोलाद उन्हात प्रसरण पावतं आणि थंडीत आकसतं. एक मीटर रूळ एका अंशाला ०.०११५ मिलिमीटर एवढाच बदलतो. पण एक किलोमीटर मोकळा रूळ ३० अंशांनी थंड झाला, तर तो ३४ सेंटिमीटरहून जास्त आखूड होईल. अखंड रुळाला आखूड व्हायची मुभाच नसते, कारण स्लीपर आणि खडी त्याला धरून ठेवतात. मग ती सगळी ओढ ताण होऊन आत साठते. मीटरमागे ६० किलो वजनाच्या रुळात एका अंशाला साधारण १.८ टन. म्हणजे ३५ अंशांना घट्ट केलेला रूळ पहाटे ५ अंशांवर आला, तर प्रत्येक रुळात पन्नास टनांहून जास्त ओढ.

नाशिककरांनी इथे निफाड आठवावं. महाराष्ट्राच्या थंडीच्या बातम्या दरवर्षी तिथून येतात. पारा ५ अंशांच्या खाली जातो, द्राक्षबागा वाचवायला शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. त्याच तालुक्यातून मुंबई-भुसावळ मार्ग जातो. बागेत द्राक्षाचा मणी तडकतो, त्याच वेळी शेजारच्या रुळातही ओढ वाढत असते. म्हणून थंडीत रेल्वेची रात्रीची खास गस्त असते. तुटतं ते बहुतेक आधीच दुबळ्या जागी. जागेवर वितळवून केलेला जोड किंवा पोटात दडलेली भेग.

पोटातली भेग ही वेगळी गोष्ट आहे. २५ ऑगस्ट १९११ला अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या मँचेस्टर गावाजवळ एक रूळ गाडीखाली फुटला आणि २९ माणसं मेली. तपासात कळलं की भेग रुळाच्या आत होती, वरून दिसत नव्हती. म्हणजे चाबीवाला त्या रुळावरून कितीही वेळा चालून गेला असता, तरी त्याला ती दिसली नसती. माणसाच्या डोळ्याला आणि कानाला तिथे पहिली मर्यादा आली.

वीज आणि प्रतिध्वनी

यंत्राने रूळ तपासायचा एक मार्ग मात्र आधीच सापडला होता, तोही दुसऱ्याच कामासाठी. अमेरिकेतल्या विल्यम रॉबिन्सनने १८७२मध्ये ट्रॅक सर्किटचं पेटंट घेतलं. दोन रुळांमधून बारीक वीज खेळवायची. गाडी आली की तिच्या चाकांमुळे दोन रूळ जोडले जातात, वीज आडमार्गाने वळते, आणि सिग्नलला कळतं की इथे गाडी आहे. यात एक फायदा फुकट मिळाला. रूळ पूर्ण तुटला तरी सर्किट तुटायचं आणि सिग्नल लाल व्हायचा.

पुढे आपल्याकडे अनेक ठिकाणी ट्रॅक सर्किटची जागा अॅक्सल काउंटरने घेतली. ते आत गेलेली आणि बाहेर आलेली चाकं मोजतं. पावसाचं पाणी साचलं, गंज चढला, तरी ते गोंधळत नाही. सिग्नलच्या कामाला ते सरस आहे. पण ते फक्त मोजतं. रूळ तुटलाय का, हे त्याला कळायचं कारणच नाही. एक यंत्र सुधारलं आणि त्यातून फुकट मिळणारी दुसरी गोष्ट गळून पडली. आम्ही सॉफ्टवेअरवाले हे दर वर्षी करतो. जुना कोड नीटनेटका करतो आणि तो गुपचूप करत असलेलं एखादं काम बंद पडतं.

पोटातल्या भेगेसाठी एल्मर स्पेरीने, ज्याला जग जहाजांच्या होकायंत्रासाठी ओळखतं, १९२८मध्ये रूळ तपासणारी खास गाडी रुळांवर आणली. पुढे अल्ट्रासाउंड आलं. आज आपल्याकडे दोन माणसं रुळावर एक छोटी ट्रॉली ढकलत नेतात, ती रुळात अश्राव्य आवाज सोडते आणि भेगेवरून परतणारा प्रतिध्वनी पकडते. पोटातल्या बाळाची सोनोग्राफी होते, तोच प्रकार. मात्र ट्रॉली आज गेली आणि रूळ उद्या तुटला तर? ब्रिटनमध्ये १७ ऑक्टोबर २०००ला हॅटफिल्डजवळ भेगांनी पोखरलेला रूळ गाडीखाली फुटला, तीनशेहून जास्त तुकडे झाले आणि ४ प्रवासी मेले. तिथे तपासणीची यंत्रं नव्हती असं नाही. तो रूळ खराब आहे हे आधीच माहीत होतं, बदलायचा राहिला होता.

तेव्हा हवं होतं ते असं: सतत ऐकणारं, सगळीकडे ऐकणारं, आणि रुळाला हातही न लावणारं काहीतरी.

काचेचा धागा

पंजाबातल्या मोग्यात जन्मलेल्या नरिंदर सिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर काचेच्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र पलीकडे पोहोचवून दाखवलं आणि १९५४मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. 'फायबर ऑप्टिक्स' हे नाव लोकांना दिलं ते त्यांनीच. पण त्या काचेतून प्रकाश काही मीटरांत विरून जायचा. १९६६मध्ये चार्ल्स काओ यांनी मांडलं की दोष काचेतल्या अशुद्धीत आहे, काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश किलोमीटरच्या किलोमीटर जाईल. १९७०मध्ये कॉर्निंग कंपनीच्या तिघांनी तशी काच करून दाखवली. काओंना २००९मध्ये नोबेल मिळालं. आज तोच धागा आपल्या संभाजीनगरजवळ वाळूजलाही तयार होतो.

कितीही शुद्ध केली तरी काचेतून थोडा प्रकाश मागे विखुरतोच. लॉर्ड रॅले यांनी १८७१मध्ये आकाश निळं का दिसतं ते सांगितलं, त्याच विखुरण्याचा हा प्रकार. टेलिफोनवाल्यांच्या दृष्टीने हा तोटा होता. त्यांनी तो कमी करायला आयुष्य घातलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हा परत येणारा प्रकाश काहीतरी सांगतोय. धाग्याजवळची जमीन हलली तर धागा कणभर ताणला जातो, आणि त्या जागेवरून परतणारा प्रकाश कणभर बदलतो. प्रकाश सोडल्यापासून किती वेळाने परतला, यावरून ती जागा किती लांब आहे तेही कळतं.

थोडा हिशोब करू. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर. ४० किलोमीटर लांब धाग्याच्या टोकाला जाऊन परत यायला त्याला ०.०००४ सेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला दोन हजार वेळा सगळा धागा आरामात 'विचारून' होतो. दर १० मीटरला एक जागा धरली तर ४० किलोमीटरवर ४,००० कान. एकही सेन्सर न बसवता, एकही बॅटरी न बदलता, एका टोकाच्या खोलीतल्या एका पेटीतून. इगतपुरी ते मनमाड सव्वाशे किलोमीटरला अशा तीन-चार पेट्या पुरतील.

आणि धागा आधीच टाकलेला आहे. रेल्वेने सप्टेंबर २०००मध्ये रेलटेल ही कंपनी काढली आणि रुळांच्या कडेने ६० हजार किलोमीटरहून जास्त फायबर पसरलं. स्टेशनवर बसून फुकट वायफायवर रील पाहिले असतील, तर ते याच धाग्यावरून तुमच्यापर्यंत आले.

या कानांचं आपल्या देशात सगळ्यात गाजलेलं काम रुळांच्या नाही, हत्तींच्या बाबतीत झालं. ईशान्य सीमांत रेल्वेने आसाम आणि उत्तर बंगालच्या जंगलांतल्या काही टप्प्यांवर अशी यंत्रणा बसवली. हत्ती रुळाजवळ आला की त्याच्या पावलांची थरथर धागा पकडतो, कंट्रोल रूमला कळतं आणि गाडीचा वेग कमी केला जातो. रेल्वेमंत्र्यांनी नोव्हेंबर २०२३मध्ये 'गजराज' या नावाने ती आणखी ७०० किलोमीटरवर नेण्याची घोषणा केली. रूळ तुटताना होणारा आवाज, तुटलेल्या जागेवरून चाक जाताना बसणारा जादा दणका, घाटात कोसळणारी दरड, हे सगळं याच धाग्यातून ऐकता येऊ शकतं. त्यासाठी युरोपातही प्रयोग झाले आहेत.

अडचण कुठे आहे

ऐकू येणं ही यातली सोपी बाजू. काय ऐकू आलं ते ओळखणं अवघड, आणि तिथे माझ्या धंद्याचा संबंध येतो.

४,००० कान, सेकंदाला २,००० वेळा, म्हणजे दर सेकंदाला ८० लाख आकडे. प्रत्येक आकड्याला दोन बाइट धरले तर दिवसाला सुमारे १.४ टेराबाइट. त्यात मालगाडी आहे, शेजारच्या हायवेवरचा ट्रक आहे, विहिरीवरचा पंप आहे, पाऊस आहे, ट्रॅक्टर आहे. शिवाय फोनसाठी टाकलेला धागा रुळाला चिकटलेला नसतो. तो बाजूला, मातीत पुरलेल्या प्लास्टिकच्या नळीत सैलसर पडलेला असतो. भिंतीपलीकडचं बोलणं ऐकावं तसं त्याला ऐकू येतं.

आता खोट्या अलार्मचं बघा. समजा यंत्रणा इतकी चांगली आहे की प्रत्येक कान वर्षातून फक्त एकदाच चुकतो. ४,००० कान म्हणजे वर्षाला ४,००० चुका, दिवसाला ११. प्रत्येक वेळी गाडी थांबवायची? प्रत्येक वेळी माणूस पाठवायचा? चौथ्या दिवशी कंट्रोल रूममधला माणूस अलार्म म्यूट करेल. मी त्याला दोष देणार नाही, मीही तेच केलं होतं.

म्हणून मग फिल्टर लिहितात. पंप गाळा, ट्रक गाळा, पाऊस गाळा. आणि रुळावर काम करणारी गँगही गाळा. कारण खडीवर पडणारी पावलं, हातोड्याचे ठोके, सब्बल आपटल्याचा आवाज हे सगळं नेमकं रुळाजवळ होतं आणि तुटण्याच्या आवाजाशी सहज गल्लत करतं. रूळ तुटला का हे विचारणाऱ्या यंत्रणेच्या दृष्टीने चाबीवाला हा गोंगाट आहे.

हे लक्षात आलं तेव्हा मी लॅपटॉप बंद केला. मला कारखान्यातले ते पंधरा-वीस ठोके आठवले. आणि लासलगाव आठवलं.

१३ फेब्रुवारी २०२३

त्या सोमवारी पहाटे पावणेसहाच्या सुमारास लासलगाव आणि उगाव यांच्या दरम्यान रुळाचं काम करणाऱ्या चार ट्रॅकमेनना टॉवर वॅगनने उडवलं. टॉवर वॅगन म्हणजे वरच्या विजेच्या तारांची दुरुस्ती करणारी गाडी. त्या मार्गावरून गाड्या ज्या दिशेने यायच्या, त्याच्या उलट दिशेने ती आली. चौघेही गेले. त्यांचे सहकारी संतापून रुळावर उतरले, काही वेळ गाड्या थांबल्या, मग सुरू झाल्या. आमच्या घरी ती बातमी सकाळच्या चहाबरोबर मोबाइलवर आली आणि दुपारपर्यंत तिच्यावर दुसऱ्या बातम्या चढल्या.

हे एकटंदुकटं प्रकरण नाही. डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने फेब्रुवारी २०१२मध्ये रेल्वे सुरक्षेवर अहवाल दिला. २००७-०८पासून जवळपास साडेचार वर्षांत कामावर असताना सुमारे १,६०० रेल्वे कर्मचारी मेल्याची नोंद त्यात आहे. गाडी घसरली की देशभर चर्चा होते. रूळ सांभाळणारा माणूस मेला की जिल्ह्याच्या पानावर चार ओळी येतात. २०१६-१७च्या रेल्वे अर्थसंकल्पात सुरेश प्रभूंनी गँगमनना येणाऱ्या गाडीची सूचना देणारं 'रक्षक' नावाचं उपकरण देण्याची घोषणा केली होती. लासलगावची पहाट आली तेव्हा त्या भाषणाला सात वर्षं होत आली होती.

तुटका रूळ शोधण्याचा इतिहास मी वाचला, तर त्यात प्रत्येक यंत्र एकच प्रश्न विचारत आलं. गाडीला धोका आहे का? ट्रॅक सर्किटला चालणारा माणूस कळतच नाही. अॅक्सल काउंटर चाकं मोजतं. अल्ट्रासाउंड पोलादाच्या आत बघतं. काचेचा धागा हे पहिलं यंत्र असं आहे, ज्याला गाडी आणि माणूस दोन्ही ऐकू येतात. अशा यंत्राच्या पडद्यावर गाडी जाडजूड तिरकी रेघ काढत जाते आणि चालणारा माणूस बारीक, जवळपास सरळ रेघ. त्या दोन रेघा कुठे भेटणार हे शाळेतल्या गणिताने काढता येतं. येणारी गाडी कुठल्या दिशेने यायला हवी होती, याच्याशी धाग्याला देणंघेणं नसतं. ती कुठून येतेय तेवढं त्याला कळतं.

त्या पहाटे असा धागा ऐकत असता तर चौघे वाचले असते, असं मी म्हणणार नाही. रेघ पडद्यावर दिसणं आणि माणसाच्या मनगटावर भोंगा वाजणं यांच्यामध्ये बरीच कामं असतात. उपकरण, बॅटरी, रेंज, ते घालायची सवय, आणि गाडी थांबवायचा अधिकार असलेला कोणीतरी. पण एवढं मी खात्रीने सांगू शकतो की ही माहिती धाग्यातून वेगळी काढावी लागत नाही. ती आधीच तिथे आहे. ती ठेवायची की गाळायची हे माझ्यासारखा कुणीतरी एसीत बसून ठरवतो. हा निर्णय तांत्रिक वाटतो, म्हणून त्यावर कुणी सही घेत नाही.

काचेचा इतिहासही हेच सांगतो. ज्या विखुरणाऱ्या प्रकाशाला एका पिढीने तोटा मानलं, पुढच्या पिढीने त्याचाच कान केला. गोंगाट हा आवाजाचा गुण नसतो. आपण काय ऐकायला बसलोय, त्यावरून ते ठरतं.

त्या कारखान्यातली सिस्टिम मी नंतर बदलली. आधी आमच्या यादीत आवाजाचे तीन प्रकार होते: मशीन, लोडिंग आणि इतर. 'इतर' म्हणजे गाळायचा. मी त्यात चौथा प्रकार घातला, 'माणूस'. सकाळचे ठोके आता गाळले जात नाहीत, मोजले जातात. वाढले की सुपरवायझरला मेसेज जातो: फिटरला विचारा. गेल्या पावसाळ्यात असा एक मेसेज गेला, फिटरला विचारलं, तो म्हणाला, "हो, दोन दिवस झाले, कर्र होतंय." सेन्सरच्या आकड्यांत तेव्हा काहीच दिसत नव्हतं. बेअरिंग उघडलं, तर एका गोळीवर नखाएवढा चट्टा होता.

बाबांना फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला आणि विचारलं, "फिटरचं नाव काय?" मला सांगता आलं नाही. सिस्टिममध्ये त्याची नोंद अजून 'माणूस' एवढीच होती.